विठ्ठलभाईंचे मृत्युपत्र

मृत्युपत्रावरून भाऊबंदकी म्हटली की घर, शेत, दागदागिने आठवतात. विठ्ठलभाई पटेलांच्या मृत्युपत्राचा वाद मला निराळा वाटतो. तेथे कुणालाही पैसा स्वतःसाठी नको होता.

वल्लभभाईंच्या या थोरल्या बंधूंना विलायत पाहायला मिळाली ती धाकट्याच्या उदारपणामुळे. वल्लभभाईंची प्रवासाची कागदपत्रे व्ही. जे. पटेल या नावाने आली. आद्याक्षरे दोघांची सारखीच. विठ्ठलभाईंनी आधी जाण्याचा हट्ट धरला आणि १९०५ साली तेच गेले. बॅरिस्टर होऊन ते मुंबईत वकिली करू लागले. १९२५ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित हिंदी अध्यक्ष झाले. १९२९ साली सरकारचे सार्वजनिक सुरक्षा विधेयक त्यांनी नियमावर बोट ठेवून अडवले.

पुढे राजीनामा, तुरुंगवास आणि आजारपण. उपचारासाठी ते युरोपात गेले. १९३३ साली व्हिएन्नात त्यांनी आणि सुभाषबाबूंनी गांधीजींच्या नेतृत्वावर टीका करणारे संयुक्त पत्रक काढले. अखेरच्या दुखण्यात सुभाषबाबूंनी त्यांची शुश्रूषा केली. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळ विठ्ठलभाईंचा अंत झाला. सुमारे तीन चतुर्थांश संपत्ती त्यांनी सुभाषबाबूंच्या हाती ठेवली होती. ती भारताच्या राजकीय उन्नतीसाठी, शक्यतो परदेशातील प्रचारासाठी खर्च व्हावी म्हणून.

वल्लभभाई तेव्हा नाशिकच्या तुरुंगात होते. त्यांना पुढे शंका आल्या. मूळ कागद कुठे आहे? डॉक्टरची साक्ष का नाही? साक्षीदार सारे बंगालीच कसे? मात्र मुंबई उच्च न्यायालयात १९३९ साली निकाल लागला तो शब्दांवर. ही सुभाषबाबूंना दिलेली वैयक्तिक देणगी नसून विश्वस्त म्हणून सोपवलेली रक्कम आहे, असे न्यायालयाने मानले. पण राजकीय उन्नती हा हेतू फार मोघम ठरला आणि कायद्याच्या धर्मादाय व्याख्येतही तो बसेना. रक्कम वारसांकडे गेली. अपीलही फेटाळले गेले. वल्लभभाईंनी पैसा विठ्ठलभाईंच्या स्मारक निधीला देऊन टाकला.

वल्लभभाईंवर लोभाचा आरोप करता येत नाही, सुभाषबाबूंचे दुःखही खोटे म्हणवत नाही. हरली ती मरणाऱ्याची इच्छा. सरकारला नियमांत पकडणारा हा बॅरिस्टर स्वतःच्या दानात मात्र नेमके काम सांगायचे राहून गेला. समाजासाठी काही ठेवू पाहणाऱ्यांनी काम आणि संस्था नाव घेऊन लिहावी, आणि शक्य तर घरच्यांना ते हयातीतच सांगावे, असे मला वाटते.