सेंट्रिफ्यूजचा ध्यास घेतलेला शास्त्रज्ञ : विल्हेल्म ग्रोट

२४ एप्रिल १९३९ रोजी हॅम्बुर्ग विद्यापीठातून जर्मनीच्या युद्धखात्याला एक पत्र पाठविण्यात आले. भौतिकी रसायनशास्त्राचे प्राध्यापक पॉल हार्टेक आणि त्यांचे सहायक विल्हेल्म ग्रोट यांच्या त्यावर स्वाक्षऱ्या होत्या. अणुविज्ञानातील ताज्या शोधांमुळे आजवरच्या सर्व स्फोटकांपेक्षा कित्येक पटींनी शक्तिशाली स्फोटक तयार होण्याची शक्यता निर्माण झाली असून, जो देश ते प्रथम वापरील त्याच्याशी इतरांना बरोबरी करता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या नावे असलेल्या ज्या पत्रावर आईन्स्टाईन यांनी सही केली, ते लिहिले गेले त्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने, २ ऑगस्ट १९३९ रोजी. आईन्स्टाईन यांच्या पत्राची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हॅम्बुर्गच्या पत्राची आणि त्यावर दुसरी सही करणाऱ्या माणसाची कथा मात्र आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही.

विल्हेल्म ग्रोट यांचा जन्म १९०४ मध्ये हॅम्बुर्ग येथे झाला. म्युनिक आणि ट्यूबिंगेन येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १९२७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे ते आपल्या जन्मगावी परतले आणि तेथील विद्यापीठात काम करू लागले. त्यांचा खरा विषय होता प्रकाशरसायन, म्हणजे प्रकाशाच्या माऱ्याने वायूंमध्ये घडणाऱ्या रासायनिक क्रियांचा अभ्यास. झेनॉन वायूच्या दिव्यातून अतिनील किरण मिळवून त्यांचा परिणाम तपासणे हे त्यांचे खास कौशल्य होते. १९३८ मध्ये हान्स झ्यूस या सहकाऱ्यासह त्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणावर असे किरण सोडले असता साधी सेंद्रिय संयुगे तयार होतात, असे त्यांना आढळले होते. पृथ्वीच्या बाल्यावस्थेत सजीवांच्या घडणीला लागणारे पदार्थ कसे निर्माण झाले असतील, या प्रश्नाशी या प्रयोगाचे नाते होते. सृष्टीच्या उगमाचा असा विचार करणाऱ्या माणसाने पुढच्याच वर्षी महाविनाशक स्फोटकाची सूचना सरकारला करावी, हा विरोधाभास त्यांच्या चरित्राच्या मुळाशीच आहे.

या दोन घटनांच्या मध्ये विज्ञानात एक भूकंप झाला होता. डिसेंबर १९३८ मध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी बर्लिनमध्ये युरेनियमच्या अणूचे विखंडन घडून येत असल्याचे दाखवून दिले. काही महिन्यांतच या शोधाचा अर्थ युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांना उमगला. हॅम्बुर्गच्या पत्रामागे संशोधनासाठी पैसा मिळविण्याचा हेतू होता, असे हार्टेक यांनी पुढील काळात सांगितले. तो हेतू असेलही. परंतु १९३९ च्या वसंतात हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या होत्या आणि असे पत्र युद्धखात्याकडे पाठविण्याचा अर्थ काय होतो, हे न कळण्याइतके हे दोघे भाबडे नव्हते.

महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागाने अणुशास्त्रज्ञांना बोलावून घेतले आणि कामांची वाटणी झाली. हॅम्बुर्गच्या गटाकडे आलेला प्रश्न सर्वांत बिकट होता. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमच्या दर हजार अणूंपैकी जेमतेम ७ अणू २३५ वस्तुमानाचे असतात. उरलेले जवळजवळ सारे २३८ वस्तुमानाचे. सहज विखंडन होते ते या सात अणूंचेच. दोन्ही समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असल्याने कोणत्याही आम्लाने अथवा अल्कलीने त्यांना वेगळे करता येत नाही. फरक आहे तो फक्त वजनात, आणि तोही शंभरात सव्वा एवढा.

ग्रोट यांनी प्रथम क्लुझिउस आणि डिकेल या जर्मन शास्त्रज्ञांनी नुकतीच शोधलेली पद्धत अवलंबिली. उभ्या नळीत एका बाजूने उष्णता आणि दुसऱ्या बाजूने थंडावा दिला की वायूतील हलके रेणू वरच्या टोकाकडे आणि जड रेणू खालच्या टोकाकडे जमू लागतात. इतर वायूंच्या बाबतीत या नळीने चमत्कार घडविला होता. युरेनियमचा मात्र वायुरूपात सहज आणता येण्याजोगा एकच पदार्थ हाताशी होता, तो म्हणजे युरेनियम हेक्झाफ्लोराइड. हा पदार्थ मोठा दुष्ट! पाण्याच्या अंशानेही त्याचे विघटन होते आणि बहुतेक धातूंना तो कुरतडतो. निकेलची नळी वापरूनही समस्थानिक काही वेगळे होईनात. १९४१ च्या वसंतापर्यंत वर्ष-दीड वर्षाची मेहनत वाया गेल्याचे स्पष्ट झाले.

तेव्हा ग्रोट सेंट्रिफ्यूजकडे वळले. या यंत्राचे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. दुग्धशाळेत दुधापासून साय वेगळी करणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. नळकांडे वेगाने फिरविले की जड रेणू कडेला लोटले जातात आणि मध्यभागी हलक्या रेणूंचे प्रमाण किंचित वाढते. समस्थानिक असे वेगळे करता येतील ही कल्पना लिंडेमन आणि ॲस्टन यांनी १९१९ मध्येच मांडली होती, तर अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेसी बीम्स यांनी १९३० च्या दशकात क्लोरीनवर ती यशस्वी करून दाखविली होती. या पद्धतीत वस्तुमानांच्या गुणोत्तराऐवजी त्यांच्यातील फरकाला महत्त्व असते, त्यामुळे युरेनियमसारख्या जड मूलद्रव्याला ती विशेष अनुकूल ठरते.

अडचण होती ती यंत्र घडविण्याची. मिनिटाला पन्नास हजारांच्या घरात फेरे घेणारे नळकांडे रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तयार होत नाही. गोफण जितकी जोरात फिरवावी तितका तिच्या दोरीवर ताण येतो, तसाच ताण फिरणाऱ्या धातूच्या कणाकणावर येतो आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. ग्रोट यांनी कील येथील आनशुट्झ या कंपनीचे दार ठोठावले. जहाजांसाठी जायरोकंपास बनविणारी ही कंपनी वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या कामात निष्णात होती. गंमत अशी, की याच कंपनीच्या जायरोकंपासच्या रचनेत १९२० च्या दशकात खुद्द आईन्स्टाईन यांनी मदत केली होती आणि त्यासाठी ते कीलला येत-जात असत.

आनशुट्झमध्ये ग्रोट यांना कोनराड बायर्ले हे अभियंते भेटले आणि येथून या दोघांची जोडी जमली. ग्रोट यांनी वायूचा विचार करायचा आणि बायर्ले यांनी धातूचा, अशी ही वाटणी होती. धारव्यांची झीज, नळकांड्याचा तोल, त्याला विशिष्ट वेगाला येणारी थरथर, फिरत्या भांड्यात वायू सोडण्याची आणि तेथून काढून घेण्याची सोय अशा असंख्य गोष्टी बायर्ले यांना नव्याने सोडवाव्या लागल्या. कील विद्यापीठातील हान्स मार्टिन यांनी नळकांड्याच्या आत वायूचे दोन उलट दिशांचे प्रवाह निर्माण करून परिणाम वाढविण्याची कल्पना मांडली होती, तिचाही या कामाला उपयोग झाला. १९४२ मध्ये पहिली यंत्रे तयार झाली. सुरुवातीच्या चाचण्यांत नळकांडी फुटली. त्या वेगाला फुटलेल्या धातूचे तुकडे बंदुकीच्या गोळ्यांसारखे सुटतात. तरीही काम थांबले नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात प्रथम झेनॉनचे समस्थानिक काही अंशी वेगळे झाले. दिव्यात ज्या वायूवर ग्रोट यांनी उमेदीची वर्षे घालविली होती, तोच येथेही उपयोगी पडला. पाठोपाठ युरेनियमच्या बाबतीतही यश दिसले.

या यशाचे मोजमाप मात्र नीट समजून घ्यायला हवे. हलक्या युरेनियमचे प्रमाण वाढले ते मूळ प्रमाणाच्या काही टक्क्यांनी. म्हणजे हजारात सात अणू होते तेथे सात आणि वर थोडा अंश. बॉम्बसाठी हे प्रमाण शेकडा ऐंशी-नव्वदपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी अशी हजारो यंत्रे एकापुढे एक जोडून वर्षानुवर्षे अखंड चालवावी लागली असती. जर्मनीत त्या वेळी जी यंत्रे होती, ती बोटांवर मोजण्याइतकी!

दरम्यान युद्धाचे पारडे फिरले होते. युद्ध लवकर संपेल तेवढ्या अवधीत अणुशस्त्र हाती येणार नाही, असा निष्कर्ष काढून जर्मन लष्कराने १९४२ मध्ये या कार्यक्रमातून अंग काढून घेतले होते. संशोधन मर्यादित प्रमाणावर सुरू राहिले, परंतु त्यात हायझेनबर्ग यांच्या अणुभट्टीलाच अधिक महत्त्व होते. जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या विमानांनी हॅम्बुर्ग बेचिराख केले. कीलच्या गोदीवर आणि कारखान्यांवरही बॉम्ब पडत होते. ग्रोट यांनी आपले काम दक्षिणेला फ्रायबुर्गला हलविले. २७ नोव्हेंबर १९४४ रोजी तेही शहर बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले. पुन्हा बाडबिस्तरा गुंडाळून ही मंडळी उत्तरेकडील सेले या गावी गेली. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीच्या अणुसंशोधनाचा माग काढणारे अमेरिकेचे अल्सोस पथक सेलेला पोहोचले, तेव्हा एका गिरणीत मांडलेली सेंट्रिफ्यूजची प्रयोगशाळा त्यांना सापडली. देश कोसळत असतानाही यंत्र सुधारण्याचे काम चालू होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकेने तोवर हाच मार्ग सोडून दिला होता. बीम्स यांची सेंट्रिफ्यूज पुरेशी भरवशाची नाही असे ठरवून १९४२ च्या अखेरीस तिकडच्या प्रकल्पातून ती वगळण्यात आली आणि हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचे युरेनियम प्रामुख्याने इतर पद्धतींनी ओक रिज येथे तयार झाले. पराभूत जर्मनीतील जे दहा शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये फार्म हॉल येथे नजरकैदेत ठेवण्यात आले, त्यांत हार्टेक होते. ग्रोट नव्हते. हार्टेक १९५१ मध्ये अमेरिकेत गेले, ग्रोट मायदेशीच राहिले आणि १९५० मध्ये बॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

सेंट्रिफ्यूजने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १९५३ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे अध्यक्ष ॲडमिरल आल्वारो आल्बेर्तो जर्मनीत आले आणि ग्रोट, बायर्ले यांच्याकडून तीन सेंट्रिफ्यूज तयार करून घेण्याचे त्यांनी ठरविले. जर्मनीवर तेव्हा दोस्तांचा ताबा होता आणि अशा यंत्रांच्या निर्मितीला मनाई होती. त्यामुळे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून गुपचूप करवून घेण्यात आले. परंतु १९५४ मध्ये यंत्रे रवाना होण्यापूर्वीच ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती जप्त केली. निर्बंध उठल्यावर पुढे ती साओ पाउलोला पोहोचली. ज्या यंत्राची लष्कराने युद्धात पुरती कदर केली नाही, ते आता जप्त करण्याइतके मोलाचे ठरले होते!

बॉनमध्ये ग्रोट आणि बायर्ले यांनी अधिक मोठी आणि वेगवान यंत्रे तयार केली. १९५८ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगाविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांचा निबंध सादर झाला. परंतु याच सुमारास गेर्नोट झिप्पे हे ऑस्ट्रियन संशोधक सोव्हिएत बंदिवासातून सुटून आले होते. पातळ भिंतीचे, खाली सुईच्या टोकावर आणि वर चुंबकाच्या आधाराने फिरणारे त्यांचे नळकांडे ग्रोट यांच्या यंत्रापेक्षा कितीतरी साधे, स्वस्त आणि टिकाऊ होते. शर्यत झिप्पे यांनी जिंकली. १९६० मध्ये अमेरिकेच्या आग्रहावरून जर्मनी आणि हॉलंडमधील हे संशोधन गुप्त करण्यात आले. १९७० च्या आल्मेलो करारानंतर ब्रिटन, हॉलंड व पश्चिम जर्मनी यांचा संयुक्त प्रकल्प उभा राहिला. तेथील तंत्रज्ञान अब्दुल कादीर खान यांच्यामार्फत पाकिस्तानात कहुटापर्यंत कसे पोहोचले, हे भारतीय वाचकांना वेगळे सांगायला नको.

उत्तरायुष्यात ग्रोट आपल्या जुन्या विषयाकडेही वळले. अतिनील किरणांच्या साहाय्याने साध्या वायूंपासून ॲमिनो आम्ले तयार होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखविले. १९३८ मध्ये अर्धवट राहिलेला धागा असा पुन्हा हाती आला. १९५७ मध्ये १८ जर्मन शास्त्रज्ञांनी अण्वस्त्रांच्या कामात सहभागी न होण्याचे जाहीर निवेदन गटिंगेन येथून काढले. त्यावर बॉन विद्यापीठातील दोघांच्या सह्या होत्या. ग्रोट यांची नव्हती. एवढ्यावरून त्यांच्या मनाचा थांग लावणे योग्य होणार नाही. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

ग्रोट यांच्या हातून बॉम्ब तयार झाला नाही, म्हणून इतिहासाने त्यांना सहज सोडून दिले. परंतु तो न होण्याचे श्रेय त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीकडे जाते, असे म्हणता येत नाही. कुरतडली जाणारी नळी, फुटणारी नळकांडी, जळणारी शहरे आणि लष्कराने आवरता घेतलेला हात या गोष्टी आड आल्या. त्यांनी स्वतः मात्र प्रत्येक अडथळ्यानंतर यंत्र पुन्हा उभे केले. एका हुशार, कष्टाळू आणि आपल्या कामात रमलेल्या माणसाने ते काम कोणाच्या हाती पडणार याचा विचार बाजूला ठेवला, की काय घडू शकते आणि काय थोडक्यात टळते, याचा त्यांची कारकीर्द हा एक पुरावा आहे. कृतीचा हिशेब परिणामावरून मांडायचा की हेतूवरून, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत अनुत्तरित राहतो. युरेनियमचे समृद्धीकरण करणारी सेंट्रिफ्यूज जगात आज जेथे जेथे फिरत आहेत, तेथे तेथे तो नव्याने उभा राहतो.