एक पेला चहा आणि रावसाहेब रानडे

अक्कलकोटला जाणारा माणूस स्वामींच्या दर्शनाला जातो. त्याच अक्कलकोट संस्थानात, स्वामी हयात असतानाच, १८६६च्या सुमारास चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण कारभारी म्हणून काही काळ राहून गेला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी हा एक. अभ्यासापायी डोळे अधू करून घेतलेला, अंगाने थोराड, बोलण्यात मंद. महादेव गोविंद रानडे. पुढे तो न्यायमूर्ती झाला, इतिहासकार झाला, अर्थशास्त्रज्ञ झाला. आज मात्र त्यांच्या आयुष्यातल्या एका चहाच्या पेल्याविषयी लिहायचे आहे.

जन्म १८ जानेवारी १८४२चा, निफाडचा. वडील कोल्हापूरच्या नोकरीत, करारी आणि जुन्या वळणाचे. मुलगा विधवाविवाहाचा कैवारी. त्या मंडळींबरोबर त्याच्यावरही १८७०च्या आसपास बहिष्काराची झळ आलेली. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेली, तेव्हा रावसाहेब आता विधवेशीच लग्न करणार अशी सुधारकांची खात्री होती. वडिलांनी त्याआधीच अकरा वर्षांची मुलगी पाहून ठेवली आणि रानड्यांनी मान तुकवली. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली, हे त्या घराचे भाग्य. पण सुधारक म्हणवणाऱ्या माणसाने वडिलांपुढे हार खाल्ली हा डाग पुसला गेला नाही, आणि तो पुसण्याचा खटाटोप मीही करणार नाही. माणूस समजून घ्यायचा तर तो लक्षात ठेवावा लागतो.

सोलापूरशी त्यांचा खरा संबंध आला तो कर्जाच्या निमित्ताने. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला आणि आपल्या जिल्ह्याचे त्याने कंबरडे मोडले. मग १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. रोख्यावर आकडा काय आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार काय होता, व्याज कसे चढले, हे न्यायाधीशाने उकरून पाहायचे, असे त्यात होते. १८८७ पासून १८९३ पर्यंत रानडे या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश होते. चारही जिल्ह्यांतली कोर्टे तपासत, दप्तरे चाळत ते हिंडले. थकलेल्या कर्जाच्या फायलींत माझीही नोकरी गेली, म्हणून सांगतो, हे काम कंटाळवाणे असते आणि माणसाची पारख तिथेच होते. शेतकऱ्याला रास्त व्याजाने पैसा पुरवणाऱ्या पेढ्या हव्यात, असे ते तेव्हापासून मांडत होते.

याच फिरतीच्या काळात पुण्यात तो चहा झाला.

त्या वेळी चहा आपल्या घरांत शिरला नव्हता. आसामात मळे लागून पन्नास वर्षे झाली होती, पण तिथला चहा जहाजात चढून विलायतेला जाई. इथे तो गोऱ्या साहेबाच्या टेबलावर, फार तर इंग्रजी शिकलेल्या एखाद्या वकिलाच्या दिवाणखान्यात. करण्याची रीतही त्यांचीच. किटलीत पत्ती टाकायची, वर उकळते पाणी ओतायचे, झाकून मुरू द्यायचे आणि दूध-साखर ज्याने त्याने वरून घ्यायची. आधणातच साखर, आले, पूड आणि दूध घालून खदखदवायचे, ही आपली पद्धत नंतरची.

१८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठरले. शहरातल्या मोठमोठ्यांना बोलावणी गेली. रानडे गेले, टिळक गेले. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी चहा घेतला, कुणी पेला हातात धरून शिष्टाचारापुरता बाजूला ठेवला. मंडळी घरी गेली.

या सगळ्यामागे गोपाळराव जोशी होते. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आणि १८८७ मध्ये अकाली गेलेल्या आनंदीबाईंचे हे पती. विक्षिप्त, बुद्धिमान, कोणाची फजिती करायची संधी न सोडणारे. त्यांनी चाळीसहून अधिक नावांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. खरोखर प्यालेला कोण आणि नुसता पेला धरलेला कोण, हा फरक त्या यादीत उरला नाही.

आजच्या वाचकाला हे हास्यास्पद वाटेल. पण पाल्याला कोणाचा विरोध नव्हता. प्रश्न हाताचा होता. पाणी कोणी तापवले, दूध कोणी ओतले, बिस्किट कोणाच्या भट्टीतले, यावर जात राहायची की जायची हे ठरत असे. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले, आणि पुण्यात ग्रामण्य सुरू झाले. ग्रामण्य म्हणजे काय, हे शब्दकोशातून कळत नाही. श्राद्धाला भटजी येत नाही. मुंजीला आचारी मिळत नाही. सासरी असलेल्या मुलीला माहेरी पाठवत नाहीत. पेला बापाने धरलेला असतो आणि शिक्षा मुलीला होते. टिळकांनाही घरच्या कार्याला ब्राह्मण मिळवताना यातायात पडली. त्यांनी शास्त्राधार पुढे करून वाद घातला आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे असे दाखवून दिले. त्यांच्या वकिली डोक्याला ते साजेसेच होते.

रानड्यांना प्रायश्चित्ताची गरज नव्हती. नोकरी सरकारी, पैशाची ददात नाही, घरात लग्नाची मुलगी नाही. बहिष्काराची त्यांना वीस वर्षांची सवय. आपण पाप केले असे त्यांना वाटतही नव्हते. तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. यादीतल्या मित्रांची घरे कोंडली गेली होती. रानडे पुढे झाले की त्यांना वाट मिळणार होती. सुधारकी मंडळींनी त्यांना सोलून काढले. सनातन्यांना आनंद झाला. रमाबाईंना हे मुळीच रुचले नाही आणि १९१०च्या आपल्या आठवणींत त्यांनी ते लपवले नाही.

मला स्वतःला यात दोन्ही बाजू दिसतात. मित्रांसाठी स्वतःची मान खाली घालणे सोपे नाही. पण पुढारी वाकला की ज्याला वाकायचेच असते त्याला निमित्त मिळते, हेही खरे. १८७३ला ते वडिलांसाठी वाकले, १८९२ला मित्रांसाठी. स्वतःच्या सोयीसाठी मात्र वाकल्याचे दिसत नाही. १८९३ मध्ये ते हायकोर्टात गेले, १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि १६ जानेवारी १९०१ला मुंबईत त्यांचे निधन झाले.

चहा खरा पसरला तो त्यानंतर. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर पट्टी बसली आणि त्या पैशातून प्रसार सुरू झाला. पहिल्या महायुद्धापासून मळेवाल्यांचा चहा रेल्वे स्टेशनांवर आणि गिरण्यांत पोचला. १९३०च्या सुमारास आसामात बारीक दाणेदार पूड करणारे यंत्र निघाले. कमी पुडीत जास्त कप होऊ लागले आणि चहा गरिबाला परवडू लागला. पाळी सुटलेला गिरणी कामगार बशीत ओतून फुर्रकन पिऊ लागला.

पण हाताचा प्रश्न मिटला नाही. खेडोपाडीच्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला ठेवलेली असे, आणि प्यायल्यावर ती ज्याची त्याने विसळायची. त्यांच्यासाठी ग्रामण्य नव्हते, शास्त्री नव्हते आणि घेऊन सुटावे असे प्रायश्चित्तही नव्हते. १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. पंचहौदच्या पेल्याला तोवर पासष्ट वर्षे झाली होती.