पॅकर्डबाई व वेड्यांच्या इस्पितळातील पत्रे

एलिझाबेथ वेअर यांचा जन्म इ. स. 1816 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एका पाळकाच्या घरी झाला. 1839 साली त्यांचे लग्नही पाळकाशीच झाले. रेव्ह. थिऑफिलस पॅकर्ड हे त्यांच्याहून चौदा वर्षांनी वडील होते. पुढे हे कुटुंब इलिनॉय प्रांतातील मँटीनो गावी राहावयास आले. त्यांस सहा मुले होती.

तेथील मंडळीच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गात बाई आपली मते मोकळेपणाने मांडू लागल्या. मनुष्य उपजतच सर्वस्वी भ्रष्ट असतो, हे पतीचे मत त्यांस मान्य नव्हते. मतभेद कोणत्या मंडळीत होत नाहीत? परंतु पाळकसाहेबांनी ते वेड ठरविले. इतरांस इस्पितळात घालण्यास लागणारा पुरावा पत्नीच्या बाबतीत लागत नसे. 1851 च्या कायद्याने पतीची विनंती व मुख्य डॉक्टरांची संमती पुरेशी होती. जून 1860 मध्ये बाईंस उचलून आगगाडीत घालण्यात आले आणि जॅक्सनव्हिल येथील वेड्यांच्या इस्पितळात त्यांची तीन वर्षे गेली. हे लिहिताना आम्हां पाळकांची मान खाली जाते.

डॉक्टरांस स्पष्ट बोल लावल्यामुळे त्यांची रवानगी अत्यंत गलिच्छ विभागात झाली. तेथील रोगी स्त्रियांस त्यांनी आपल्या हातांनी न्हाऊ घातले. त्या गुप्तपणे लिहीत व कागद लपवून ठेवीत. कारण कोणते पत्र बाहेर जावे हे डॉक्टरच ठरवीत.

1863 साली सुटका झाली, तरी पतीने त्यांस घरातच कोंडले व खिडक्या खिळ्यांनी ठोकून बंद केल्या. बाहेर टाकलेली एक चिठ्ठी मैत्रिणीच्या हाती लागली आणि तिने न्यायाधीशाकडे धाव घेतली. जानेवारी 1864 मध्ये ज्यूरीने सात मिनिटांत त्यांस शहाण्या ठरविले. बाई घरी येतात तो पती मुले व सामान घेऊन निघून गेलेले!

मग स्वतःची पुस्तके विकून त्या प्रांतोप्रांती फिरल्या. 1867 साली इलिनॉयमध्ये ज्यूरीच्या निर्णयावाचून कोणासही वेडा म्हणून कोंडू नये असा कायदा झाला; आत असलेल्यांसही तो लागू होता. रोग्यास चारचौघांपुढे उभे करणे क्रूरपणाचे, ही डॉक्टरांची तक्रार अगदीच निराधार नव्हती, असे आम्हांस वाटते. 1872 च्या आयोवा प्रांतातील कायदा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्याने रोग्यांस पत्रे लिहिण्याचा हक्क दिला, आणि पाहणीसाठी एक समिती नेमली. तीत निदान एक स्त्री असावी असे ठरले.

1869 साली लहान मुले त्यांजकडे परत आली होती. 1897 साली शिकागो येथे त्या वारल्या.