विल्यम कूपर
विल्यम कूपर (मृत्यू: २९ मार्च, १९४१) हे ऑस्ट्रेलियातील योर्ता योर्ता या आदिवासी समाजाचे नेते होते. मालोगा येथील वसाहतीत थॉमस जेम्स या मॉरिशसहून आलेल्या भारतीय वंशाच्या शिक्षकाकडे त्यांनी प्रौढ वयात लेखन-वाचन पक्के केले. जेम्स पुढे त्यांच्या बहिणीचे पती झाले. मेंढ्यांची लोकर कातरणारे कूपर कामगार संघटनेचे सभासद होते. राखीव वसाहतीतील आदिवासींना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन नाकारले जाई, म्हणून उतारवयात त्यांना घर सोडून मेलबर्न गाठावे लागले. संसदेत प्रतिनिधित्व मागणारा, १,८१४ सह्यांचा त्यांचा अर्ज सरकारने ब्रिटिश राजाकडे पाठवलाच नाही. ६ डिसेंबर, १९३८ रोजी त्यांच्या संघटनेचे शिष्टमंडळ जर्मनीतील ज्यूंच्या छळाचा निषेध नोंदवण्यासाठी मेलबर्नच्या जर्मन वाणिज्य दूतावासावर गेले. निषेध नोंदवणाऱ्यांना स्वदेशातच समान हक्क नव्हते. दूतावासाने त्यांचे पत्र स्वीकारले नाही.