जे. जे. म्हणजे कोण?

तुमचे आजी-आजोबा मुंबईचे असतील, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्यांना एक प्रश्न विचारा. जे. जे. म्हणजे काय? कोणी सांगेल हॉस्पिटल, कोणी सांगेल चित्रकलेचं कॉलेज, कोणी सांगेल उड्डाणपूल. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण त्याआधी जे. जे. हा एक माणूस होता. त्याचं नाव जमशेटजी जीजीभॉय.

वाचायला बसण्याआधी वहीत तीन रकाने आखा : नशीब, मेहनत आणि निष्ठुरपणा. हा माणूस श्रीमंत कशामुळे झाला, ते वाचता वाचता त्या त्या रकान्यात लिहीत जा.

मामांकडे

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा, एका गरीब पारशी घरातला. लहानपण गुजरातमध्ये नवसारीला गेलं. शाळा फारशी झालीच नाही. गुजराती लिहिता-वाचता यायचं आणि हिशोब यायचा, एवढंच. ते सोळा वर्षांचे असताना आई आणि वडील दोघंही वारले.

आता विचार करा. तुम्ही सोळा वर्षांचे आहात, आई-बाबा नाहीत, हातात पैसा नाही. तुम्ही काय कराल? जमशेटजी मुंबईला मामांकडे आले. मामा जुन्या बाटल्या विकत घेऊन विकायचे, म्हणून त्यांचं आडनावच पडलं बाटलीवाला! जमशेटजी त्यांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचं लग्न झालं.

(पहिल्या रकान्यात काही लिहिलंत का? आई-वडील गेले हे दुर्दैव, पण आधार द्यायला व्यापारी मामा होते हे नशीबच.)

समुद्रावर

त्या काळी चीनला जायचं म्हणजे शिडाच्या जहाजातून कित्येक महिन्यांचा प्रवास. वादळं, आजारपण, शिवाय युरोपात इंग्रज आणि फ्रेंच यांचं युद्ध चालू असल्यामुळे शत्रूच्या जहाजांची भीती. तरीही जमशेटजींनी चीनच्या एकूण पाच फेऱ्या केल्या. कापूस न्यायचा, विकायचा, परत यायचं. कामापुरती इंग्रजीही शिकून घेतली.

१८०५ साली त्यांचं जहाज श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी पकडलं. सगळा माल गेला. फ्रेंचांनी त्यांना थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेलं. तिथून ते कसेबसे कलकत्त्यामार्गे घरी परतले. एवढं झाल्यावर दुसरा कोणी पुन्हा जहाजावर पाऊल ठेवता ना! पण दोन वर्षांनी ते परत चीनला निघाले.

आता गंमत बघा. त्या पकडलेल्या जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. संकटात दोघांची ओळख झाली. पुढे हाच जार्डिन चीनच्या व्यापारातला फार मोठा माणूस झाला, आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले सगळ्यात महत्त्वाचे भागीदार. ते जहाज पकडलं गेलं नसतं तर? सांगता येत नाही.

पेटीत काय होतं?

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला छान वाटते. पुढची थोडी अवघड आहे, पण ती सोडून दिली तर गोष्ट खोटी होईल.

जमशेटजींच्या जहाजांतून कापूस जायचा, तशी अफूही जायची. ही अफू मध्य भारतात, माळव्यात पिकायची. चीनमध्ये लाखो लोकांना अफू ओढायचं व्यसन लागलं होतं. घरंच्या घरं बरबाद होत होती. चीनच्या बादशहाने अफूवर बंदी घातली होती. तरीही व्यापारी ती किनाऱ्यापर्यंत आणायचे आणि तिथून ती चोरून आत जायची. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच अफूवर पैसे कमवत होती, त्यामुळे हिंदुस्थानात हा धंदा कायदेशीर होता.

१८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या आणि नष्ट केल्या. इंग्रजांनी चीनवर हल्ला केला. १८४२ साली चीन हरला आणि त्याला हाँगकाँग द्यावं लागलं. त्याच १८४२ साली जमशेटजींना इंग्लंडच्या राणीकडून सर ही पदवी मिळाली. ती मिळवणारे ते पहिले भारतीय.

जमशेटजींनी स्वतः कोणावर तलवार उपसली नाही. मुंबईत सगळे त्यांना सज्जन आणि शब्दाचा पक्का माणूस म्हणून ओळखायचे. मग तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? निष्ठुर माणूस नेहमी आरडाओरडा करणाराच असतो असं नाही. कधी कधी ज्यांचं नुकसान होतं ते फार लांब राहतात, आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.

पैसा परत आला

जमशेटजींनी कमावलं तसं भरभरून दिलंही. त्यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं. १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. 'जंगल बुक' तुम्हाला माहीतच असेल. ते लिहिणाऱ्या किपलिंगचे वडील या कॉलेजात शिकवायचे. पुण्यात पाण्यासाठी नदीवर बांध घालायलाही जमशेटजींनी पैसे दिले. पुण्यातल्या बंड गार्डनमधला बंड म्हणजे हाच बांध.

आवाबाईही मागे नव्हत्या. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. लोक होडीने जायचे, होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. सरकार रस्ता बांधायला पैसे देईना. शेवटी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि माहीम कॉजवे झाला. आजही त्यावरून रोज हजारो गाड्या जातात.

१८५९ साली जमशेटजी वारले.

मग उत्तर काय?

आता तुमचे तीन रकाने बघा. एकही रिकामा नाही ना?

आपल्या घरी नेहमी सांगतात की मेहनत केली की सगळं मिळतं. जमशेटजींनी मेहनत केलीच. पण त्यांच्या जहाजांवरच्या खलाशांनी आणि माळव्यातल्या शेतकऱ्यांनी कमी मेहनत केली का? त्यांच्या नावाने काही हॉस्पिटल नाही. रोजेरिओ द फारिया नावाचे एक गोव्याचे व्यापारी याच धंद्यात त्यांच्या बरोबरीने होते. त्यांचं पुढे दिवाळं निघालं.

मला वाटतं, मेहनतीशिवाय जमशेटजी मामांच्या दुकानातच राहिले असते. नशिबाशिवाय समुद्रात कुठेतरी हरवले असते. आणि त्या पेट्यांत काय आहे याचा फार विचार केला असता, तर श्रीमंत झाले असते, पण एवढे नाही. त्यांच्या हॉस्पिटलमध्ये किती जण बरे झाले असतील! पण ज्यांचं नुकसान झालं ते लोक दूर चीनमध्ये होते. दान खरं होतं आणि नुकसानही खरं होतं. एकातून दुसरं वजा करता येत नाही.

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. तेच वर्गात सांगा.

शब्दार्थ
निष्ठुर – ज्याला दया येत नाही असा
भागीदार – धंद्यात बरोबरीने वाटा असलेला
व्यसन – सुटता न सुटणारी वाईट सवय
खाडी – जमिनीत आत शिरलेलं समुद्राचं पाणी
दिवाळं निघणे – सगळा पैसा बुडणे

लिहा आणि बोला
१. जमशेटजींच्या आयुष्यातली नशिबाची एक आणि मेहनतीची एक गोष्ट लिहा.
२. चीनमधल्या एखाद्या मुलाने ही गोष्ट लिहिली असती, तर ती कुठून सुरू झाली असती? पाच वाक्यं लिहा.
३. आई-बाबांना विचारा : तुम्ही या देशात आलात, त्यात मेहनत किती आणि नशीब किती? त्यांचं उत्तर मराठीत लिहून आणा.