उरलेला एक स्क्रू

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी अधूनमधून घसरतं. चुका पदरात घ्या.

गेल्या रविवारी हॉस्टेलच्या खोलीत जमिनीवर पेपर पसरला आणि माझी रिमोटची गाडी खोलली. ग्राउंडवरच्या चिखलातून फिरवल्यापासून ती कुरकुरत होती. आधी बॅटरी काढली, मग बॉडी, चाकं, गिअरबॉक्स. मागच्या अ‍ॅक्सलला चक्क आमच्या खोलीतल्या लांब केसांचा गुंता! कोरड्या ब्रशने माती झाडली, बेअरिंग पुसून एकेक थेंब तेल सोडलं, सगळं परत जोडलं. आणि डब्याच्या झाकणात एक स्क्रू उरला. रूममेट पोट धरून हसली.

मला मात्र निकोला टेस्ला आठवला. लहानपणी तो आजोबांची घड्याळं खोलायचा. खोलणं दरवेळी जमायचं, परत जोडणं बरेचदा फसायचं. मोठेपणी त्याने स्वतःच ही कबुली लिहून ठेवली आहे.

टेस्लाचा जन्म 1856 साली स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव आज क्रोएशियात आहे. वडील धर्मगुरू होते आणि मुलानेही तेच व्हावं अशी त्यांची इच्छा. आई शाळेत गेली नव्हती, पण घरकामाची अवजारं स्वतः बनवायची. 1873 मध्ये टेस्लाला कॉलरा झाला. मुलगा हातचा जातोय असं वाटलं तेव्हा वडिलांनी त्याला इंजिनिअरिंगला पाठवायचं कबूल केलं.

1875 मध्ये तो ग्राट्सच्या कॉलेजात गेला. पहिल्या वर्षी उत्तम मार्क! पुढे जुगाराचा नाद लागला आणि डिग्री न घेताच तो बाहेर पडला. आमच्याकडे कुणाचा विषय राहिला की सीनियर्स हाच दाखला देतात. माझा एम-थ्री राहिला तेव्हा मलाही दिला. पण गोष्ट तिथे संपत नाही, हे कुणी सांगत नाही.

1882 मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत फिरताना त्याला फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली. 1884 मध्ये तो अमेरिकेत पोचला, एडिसनच्या कंपनीत लागला आणि वर्षभराच्या आत बाहेर पडला. पुढे पोटासाठी खड्डेही खणले. 1888 मध्ये त्याच्या एसी मोटरची पेटंट्स मंजूर झाली. 1895 मध्ये न्यूयॉर्कमधली त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. यंत्रं, कागद, काहीच उरलं नाही. त्याने नव्या जागेत पुन्हा सुरुवात केली.

आणि तीनच वर्षांनी, 1898 मध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात त्याने पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली. ना दोरी, ना वायर, तरी ती त्याच्या हुकमाने वळायची, दिवे लावायची! आत माकड लपवलंय, असंही काहींना वाटलं म्हणतात. जगातली ही पहिली रेडिओ कंट्रोल बोट.

तिचा रिसीव्हर मला फार आवडला. एका नळीत धातूचे बारीक कण असायचे. रेडिओ लहर आली की ते एकमेकांना चिकटायचे आणि करंट जायचा. पण मग ते चिकटूनच राहायचे. ते सुटे केल्याशिवाय पुढचा हुकूम कळणार कसा? म्हणून टेस्लाने अशी योजना केली, की दर सिग्नलनंतर नळी उलटी व्हायची आणि कण मोकळे व्हायचे.

पुढे सगळं चांगलंच झालं असं नाही. बिनतारी संदेशासाठी 1901 मध्ये सुरू केलेला वॉर्डनक्लिफचा मनोरा पैशाअभावी अपुरा राहिला, 1917 मध्ये पाडला गेला. शेवटची वर्षं हॉटेलच्या खोल्यांत गेली, बिलं थकायची. जखमी कबुतरांची मात्र तो मायेने काळजी घ्यायचा. 7 जानेवारी 1943 ला हॉटेलच्या खोलीतच तो वारला. इतकं घडवणाऱ्या माणसाला स्वतःच्या संसाराचा हिशेब काही जुळवता आला नाही. घड्याळांसारखंच!

माझ्या गाडीत टेस्ला दोनदा भेटतो. तिची मोटर ब्रशलेस आहे, ती फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालते. आणि दुसऱ्यांदा भेटतो तो रिमोटमध्ये. पण मला खरी कामाला आली ती त्याची नळी. नापास झाल्यापासून माझेही कण चिकटून बसले होते. पुस्तक उघडायची इच्छा नव्हती आणि घरी काही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री गाडी परत खोलली. उरलेला स्क्रू सर्व्होच्या खालचा निघाला. तो नसता तर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग सुटलं असतं. स्क्रू बसवला आणि आईला फोन लावला. आधी ती रागावली, मग जेवलीस का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा फॉर्म भरला. गाडी आता कुरकुरत नाही.