लिहिता न येणारी कवयित्री – बहिणाबाई चौधरी

कविता म्हटली की आपल्याला वही आणि पेन आठवतो. पण आपल्या महाराष्ट्रात अशी एक थोर कवयित्री होऊन गेली, की तिला लिहिता-वाचताच येत नव्हते. तिचे नाव बहिणाबाई चौधरी. तिची माहिती मी आज सांगणार आहे.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या आसोदे या गावी झाला. वडिलांचे नाव उखाजी महाजन व आईचे नाव भिमाई. घर शेतकऱ्याचे. त्या काळी खेड्यातल्या मुलींना शाळेत घालत नसत. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी झाले. त्यांना काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान ही मुले झाली.

पुढे त्यांच्यावर फार मोठी संकटे आली. त्या तिशीच्या आसपास असताना नथूजी वारले. पदरात तीन लेकरे. त्यातच प्लेगची साथ आली आणि ओंकारला कायमचे अपंगत्व आले. दुसरे कोणी असते तर रडत बसले असते. बहिणाबाई रडल्या नसतील असे नाही, पण रडून दळण होत नाही आणि पेरणीही थांबत नाही. त्या पहाटे उठत, जात्यावर बसत, मग शेतात जात. आणि काम करता करता गाणी रचत.

त्यांची गाणी राजाराणीची नाहीत. घरातली अन् शेतातली आहेत. जाते, मोट, पेरणी, कापणी, पोळा, सुगरणीचा खोपा, सगळ्यांवर त्यांनी गाणी केली. आपण ज्याला जातं म्हणतो त्याला त्यांच्याकडे घरोट म्हणतात. एका गाण्यात त्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात. नशीब विचारीत बसू नये, आपल्या हातांनी काम करावे, असा त्याचा अर्थ मला वाटला. सुगरणीचे खोपे आमच्या विहिरीवरच्या बाभळीलाही लोंबकळतात. मी रोज बघतो, पण त्यात गाणं आहे हे मला बहिणाबाईंमुळं कळलं.

मी आजीला विचारलं, एवढं दुःख असताना माणूस गाणं कसं म्हणतो? आजी हसली. तिनं १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. तेव्हा ती माझ्याएवढी होती. रान सगळं करपलं होतं. घरातली सगळी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची. खायला मिलो आणि सुकडी मिळायची. हाताला फोड यायचे. तरी बाया खडी फोडताना ओव्या म्हणायच्या. गाणं म्हटलं म्हणून दुःख गेलं नाही, पण दिवस मावळायचा, असं आजी म्हणाली. मला वाटतं बहिणाबाईंचंही तसंच झालं असेल.

आता त्यांची गाणी पुस्तकात कशी आली ते ऐका. सोपान शाळेत शिकू लागला. त्याच्या पुस्तकात सावित्री-सत्यवानाची कविता होती. ती त्याने आईला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्याच गोष्टीवर स्वतःचे गाणे तयार केले, असे सांगतात. मग तो आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला. तोच पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून प्रसिद्ध झाला.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगाव येथे वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे यांना गाणी इतकी आवडली की ही लोकांपुढे आलीच पाहिजेत असा त्यांनी आग्रह धरला. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. त्याला अत्रे यांनी प्रस्तावना लिहिली. ज्या बाईने शाळा पाहिली नाही तिची गाणी आज शाळेत शिकवतात. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या गाण्यातले काही शब्द मला आधी समजले नाहीत. गुरुजींनी सांगितले, की ती खानदेशातली लेवा लोकांची बोली आहे. तिकडे डोळ्याला डोया म्हणतात. हे ऐकून मला बरे वाटले. म्हणजे आपण घरी जसे बोलतो तसेही पुस्तकात येऊ शकते.

आमचा परंड्याचा किल्ला दगडाचा आहे. तो शेकडो वर्षे उभा आहे. पण तोंडातले गाणे लिहिले नाही तर माणसाबरोबर जाते. सोपानदेवांनी वही केली नसती तर बहिणाबाई आपल्याला माहीतच झाल्या नसत्या. माझ्या आजीलाही सही येत नाही, ती अंगठा करते. पण तिला पुष्कळ ओव्या येतात. कालपर्यंत मी अकरा ओव्या वहीत लिहिल्या. काही ती विसरली आहे, भांडी घासताना मधेच आठवतात, तेव्हा मला पळत जावे लागते.

तुमच्याही घरी आजी, आत्या, मावशी असेल. त्यांनाही विचारा आणि लिहून घ्या.

कष्टातून गाणी करणाऱ्या बहिणाबाईंना माझा नमस्कार.

– इयत्ता ४ थी